पेण ते राजापूर, सीटखाली

भर मे महिन्यात लोकरीचा स्वेटर घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. खाली लुंगी, तिला चाळणीसारखी भोकं. वर पूर्ण बाह्यांचा राखाडी स्वेटर, त्याला एकही भोक नाही. ओळख झाली त्याच दिवशी मी विचारलं, "काका, बरं नाहीये का?"

"ॲसिड सुती कपडा खातं," ते म्हणाले. "लोकरीला तोंड लावत नाही. बॅटरी रूममध्ये माणसाने मेंढीसारखं राहावं."

"मग लुंगी पण लोकरीची शिवा."

"राहावं म्हणालो. दिसावं नाही म्हणालो."

ते आमचे घरमालक. माझे नव्हे, आमच्या पाण्याच्या समितीचे. केबिन रोडच्या मागच्या गल्लीत त्यांच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांचा एक गाळा होता, तो त्यांनी आम्हाला बसायला दिला होता. दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं. भाईंदरपासून पूनम सागरपर्यंत बिल्डिंगा उभ्या राहत होत्या आणि नळाला पाणी मात्र दिवसाआड, तेही तासभर. बाकी सगळा टँकरचा कारभार. मी बावीस वर्षांची होते, पत्रकं लिहीत होते, आणि जगातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी मुद्दाम बिघडवून ठेवली आहे अशी माझी पक्की खात्री होती. ती खात्री अजून पुरती गेलेली नाही. जाऊही नये.

ते मला "मोर्चा" म्हणायचे. "ये मोर्चा, चहा घे." "काय मोर्चा, आज घसा बसलाय वाटतं, बिल्डिंगला सुट्टी."

सगळं आयुष्य त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये काढलं. शहराची लाइट गेली तरी फोन का चालू राहतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. वर हजार लोक बोलत असतात आणि खाली, ओल्या फरशीच्या खोलीत, काचेच्या टाक्यांत ॲसिड नुसतं उभं असतं. "बोलणारे वेगळे," ते म्हणायचे, "आणि बोलणं धरून ठेवणारे वेगळे. आपण धरून ठेवणारे." त्यांच्याकडे एक हायड्रोमीटर होता: काचेची जाड नळी, आत तरंगणारी बारीक काडी. ॲसिड किती दाट आहे ते त्या काडीवर कळतं. भरलेली बॅटरी बाराशे पन्नास दाखवते, उतरलेली अकराशे वीस. हे आकडे त्यांनी माणसांनाही लावले होते. वॉर्डातला नगरसेवक आला की कानात सांगायचे, "अकराशे वीस. संध्याकाळपर्यंत टिकणार नाही." माझं पत्रक वाचून म्हणायचे, "बाराशे पन्नास आहे. पण वायर कुठेच जोडलेली नाही."

मी चिडायचे. आता वाटतं, माझ्या लिखाणाचं एवढं नेमकं परीक्षण नंतर कोणी केलं नाही.

आणि कोणी "बॅटरी बसली" म्हणालं की ते त्याला थांबवायचे. "बसली ना? बसलेला माणूस उठतो. आडवा झालाय का, ते बघू."

अशीच एक बसलेली बॅटरी त्यांनी विकत घेतली होती, गाडीसकट. बोरिवलीच्या एका हौशी माणसाने विजेवर चालणारी ती छोटी गाडी घेतली, दोन वर्षांत कंटाळला, आणि ती बंद अवस्थेत ह्यांना देऊन टाकली. दोन दरवाजे, फिका निळा रंग, अंड्यासारखा आकार. गल्लीतली मुलं तिला "डबी" म्हणायची. पुढच्या सीटखाली एकापुढे एक आठ बॅटऱ्या. काकांनी दोन महिने त्या आठांची सेवा केली, सावकाश चार्ज, सावकाश उतरवणं, पुन्हा चार्ज, आणि एका सकाळी गाडी गल्लीतून निघाली. निघाली हे कोणाला कळलंच नाही, कारण आवाजच नव्हता. दूधवाला भिंतीला चिकटला आणि मग मागे वळून बघत राहिला.

आठ बॅटऱ्यांना आठ नावं होती. पेण, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर. वहीत रोज सकाळी नोंद. "आज खेड जरा ढिलं आहे." "लांजा उत्तम." मी म्हटलं, हे काय एस.टी.चं वेळापत्रक आहे का? तर म्हणाले, "ही हिची लाइन."

ही म्हणजे काकू. काकू त्याच खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून कोकणातले कॉल जोडायच्या. वर त्या, खाली तळघरात ते. लग्नाआधी काकांनी त्यांचा चेहरा पाहिला नव्हता, आवाज ऐकला होता. अजूनही त्यांना नावाने हाक मारत नसत. "सात नंबर, चहा झाला का?" सात नंबर म्हणजे काकूंचं बोर्डावरचं टेबल. त्यांचा आवाज शेवटपर्यंत तसाच राहिला. "एक मिनिट थांबा" म्हणाल्या तर माणूस तासभर थांबेल असा.

पण कान गेले. बहिरेपण नाही, उलटंच. एकतीस वर्षांच्या हेडफोननंतर त्यांच्या कानात सतत पितळेचा बारीक टाळ वाजायचा, आणि बाहेरचा कुठलाही मोठा आवाज सुईसारखा आत जायचा. रिक्षा सुरू झाली की त्या डोळे मिटून भिंत धरायच्या. डॉक्टर झाले, औषधं झाली. चार वर्षं त्या पहिल्या मजल्यावर खिडकी लावून बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे चालवतही नव्हतं फार. म्हणजे भाईंदरमध्ये राहून त्यांनी चार वर्षं भाईंदर पाहिलं नव्हतं. आणि मग ही डबी आली, जिच्यात बसता येत होतं.

हिवाळ्यात, सहा-साडेसहाला, शहर उठायच्या आत ते दोघं निघायचे. कधीकधी मला मागे बसवायचे. मागची सीट म्हणजे गुडघे हनुवटीला. मिठागरांच्या कडेचा तो रस्ता मला अजून नीट आठवत नाही, म्हणजे आठवतो, पण पाहिलेल्यासारखा नाही. झोपेत कोणीतरी सांगितल्यासारखा. दोन्ही बाजूंना उथळ पाणी, त्यात आभाळ उतरलेलं, धुक्यात मिठाचे पांढरे ढीग, आणि आम्ही आवाज न करता त्यातून सरकतोय. चाकं जमिनीला लागतायत असं वाटायचं नाही. एक बगळा रस्त्यावर उभा होता, गाडी हातभर अंतरावर आली तेव्हा त्याने पाय उचलला, तोही सावकाश, जणू तोच आम्हाला वाट देतोय. काकू काच खाली करायच्या आणि काहीही बोलायच्या नाहीत. मी, जी सलग चार मिनिटं गप्प बसू शकत नव्हते, तीही बोलायची नाही. त्या मिठागरांवर उद्या टॉवर येणार, त्याविरुद्ध पत्रक काढायला हवं, हे माझ्या डोक्यात यायचं आणि धुक्यात कुठेतरी विरघळून जायचं.

पुढच्या नोव्हेंबरात काकांचा भाऊ गेला. बारा-तेरा दिवस ते गावी होते. जाताना मला सांगून गेले, "बॅटरीतलं पाणी बघ. पातळी खाली गेली तर भर. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन कोपऱ्यात आहेत. ओतताना घाई करू नकोस, तू पत्रक वाटत नाहीयेस." मी पाहिलं, पातळी खाली होती, मी भरलं.

परत आल्यावर आठ-दहा दिवसांत गाडी दमायला लागली. आधी पूर्ण फेरी व्हायची, मग निम्मी, मग गल्लीच्या तोंडाशीच काटा खाली. एक दिवस मिठागराच्या रस्त्यावर ती थांबली, आणि एका भल्या ट्रकवाल्याने दोर बांधून ओढून आणली. ट्रक दोन हात पुढे, आणि काकू मागे डबीत, दोन्ही कानांवर हात दाबून. घरी आल्यावर त्या दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होत्या. त्यानंतर खिडकी परत लागली.

कंपनीचा माणूस आला. विशीतला, बारीक, उत्तरेकडचा मुलगा. त्याने मीटर लावलं, आठही ठिकाणी, आणि सरळ म्हणाला, "अंकल, पूरा सेट बदलना पड़ेगा. एक-दो बदलने का फायदा नहीं. पुराना वाला नए को भी ले डूबेगा."

"रिपेअर?" काका म्हणाले.

"रिपेअर करके दस दिन चलेगा. फिर आप मेरे को ही गाली दोगे."

काका वाकून झाकणं परत लावायला लागले. मी बोलले. माझ्यासाठी हा प्रश्न बॅटरीचा नव्हताच. बिघडलं की फेका, नवीन घ्या. माणूस बिघडला तरी हेच. नळ बिघडला तरी हेच, टँकर घ्या! मी त्या मुलाला तिथेच दहा मिनिटं सुनावलं. तो मान हलवत ऐकत राहिला, मग त्याने विचारलं, "दीदी, आप वकील हो?"

संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले. मथळा: "बॅटरी बिघडली की नियत?" खाली त्या मुलाला उद्देशून "भांडवलदारांचा पगारी दलाल". काकांनी वाचलं आणि पहिल्यांदाच आकडा सांगितला नाही. "छापू नकोस."

"का?"

"मी अजून तपासतोय."

"तपासा ना. तुम्ही दुरुस्त करून दाखवा, मी छापून दाखवते."

 ते स्वेटरच्या बाह्या ओढून गाडीखाली गेले. मी पाचशे प्रती छापल्या. स्टेशनबाहेर वाटल्या, आणि एक गठ्ठा त्या मुलाच्या वर्कशॉपवर नेऊन दिला.

दुरुस्ती सुरू झाली. एकेक बॅटरी बाहेर काढायची, ॲसिड उतरवायचं, आतून धुवायची, नवीन ॲसिड, मग दोन दिवस अगदी थेंबाथेंबाने चार्ज. माझ्यासाठी तो सत्याग्रह होता. गाळ्यात एका बाजूला मी पत्रकं मोजतेय, दुसऱ्या बाजूला काका वहीत लिहितायत, मध्ये बारीक बुडबुड्यांचा आवाज. "महाड उठतंय." "संगमेश्वर अजून रुसलंय." मला वाटायचं, जग असंच वाचवायचं असतं, एकेक स्टेशन करत. वरच्या मजल्यावर कोण बसलंय, हे मला आठवायचं. पण लढ्याला वेळ लागतो, असं मी स्वतःला सांगायचे.

महिना उलटून गेला. आणि पाणी खात्याच्या साहेबांनी आम्हाला एकदाची भेटीची वेळ दिली.

टँकरचं पाणी किती खारट आहे हे दाखवायला आम्ही ऑक्टोबरातच सोसायट्यांतून नमुने गोळा केले होते. एकूण अकरा. कॅन काकांचेच, बॅटरीच्या पाण्याचे रिकामे झालेले. ते म्हणाले होते, नाव मार्करने लिहा. पण आम्ही पत्रकवाले. आमच्याकडे कागद होता आणि पोस्टर चिकटवायची गव्हाच्या पिठाची खळ होती. आम्ही लेबलं चिकटवली. छान, सुवाच्य, सोसायटीचं नाव, तारीख.

भेटीच्या आदल्या दिवशी मी कॅन मोजले. नऊ. पुन्हा मोजले, नऊच. कोपऱ्यात जमिनीवर दोन लेबलं पडली होती, मागची खळ झुरळांनी स्वच्छ चाटून खाल्लेली. आणि काकांच्या ओळीत दोन रिकामे कॅन, कोरे, बिनलेबलाचे. नोव्हेंबरात मीच रिकामे केलेले.

मी ते दोन्ही कॅन उचलले. काका गाडीजवळ बसले होते.

"काका. ते पाणी मी टँकरचं घातलं."

"हो," ते म्हणाले.

"हो म्हणजे? तुम्हाला माहितीये?"

त्यांनी खिशातून एक गडद रंगाची लहानशी बाटली काढली. शेजारी परीक्षानळीत बॅटरीतलं पाणी होतं; त्यात बाटलीतला एक थेंब टाकला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. "मीठ असलं की असं होतं. बॅटरी रूममध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. तो पोरगा यायच्या दोन दिवस आधी कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू माझ्याविरुद्ध पत्रक काढलं असतंस."

मी हसले नाही. तेही हसले नाहीत. बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "तो पोरगा बरोबर बोलत होता. जुन्यात नवी घालू नये, हा आमच्याकडेही नियमच. पण मला वाटलं, मिठाचंच तर आहे. धुऊन जाईल. आणि तुला कळायच्या आत गेलं तर बरं." मग वहीवर हात ठेवून, "आता चार उठलीत. चार उठतील असं वाटतंय."

मी जिना चढून वर गेले. काकू बंद खिडकीशी बसून मेथी निवडत होत्या. मी जमेल तेवढ्या हळू आवाजात सगळं सांगितलं. माझा हळू आवाज म्हणजे इतरांचा साधा आवाज; त्यांनी दोनदा डोळे मिटले.

"असं होय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला राग नाही आला?"

"आलाय ना. पण राग करायचा तर तू परत काहीतरी बोलणार, आणि माझ्या कानात तेवढी जागा नाही." त्यांनी एक काडी मोडली. "सदतीस दिवस झाले. खाली नेमकं काय चाललंय तुमचं दोघांचं?"

"दुरुस्ती."

"कशाची?"

"बॅटरीची."

"हो का," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, मला बाहेर न्यायचं चाललंय."

बाहेर कुठेतरी टेम्पो मागे घेत होते. बंद काचेतूनही तो पीं-पीं आवाज आला आणि त्यांचा हात मेथीवर थांबला. तो आवाज संपेपर्यंत तसाच.

"हे मी त्यांना सांगू?"

"सांग. मी सांगितलं तर ते मला खेड-महाडचे आकडे सांगत बसतील."

मी खाली जाऊन शब्दाला शब्द सांगितलं, एकही शब्द माझा न घालता. असं बोलायची मला सवय नव्हती. काका स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी वहीची पानं उलटली, उलटी, शेवटाकडून पहिल्याकडे. मग वही मिटली.

"एक्स्चेंजमध्ये साधा नियम होता," ते म्हणाले. "ग्राहकाचा फोन बंद असेल तर आधी फोन चालू करायचा. बिघाड कुठे, चूक कोणाची, ते मागाहून. मी हे नव्या पोरांना ओरडून शिकवलंय." त्यांनी हायड्रोमीटर पाण्याने धुतला, पुसला, खोक्यात ठेवला. "घरचाच ग्राहक विसरलो."

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपवर गेले. माझं पत्रक तिथे भिंतीवर लावलेलं होतं. मी त्या मुलाला सांगितलं की चूक माझी होती आणि मी तसं लिहून छापणार आहे, तेवढ्याच प्रती, त्याच स्टेशनबाहेर.

"अरे छोड़ो ना दीदी," तो म्हणाला. "इधर एक मराठी भाईने पढ़ के सुनाया, मैंने घर पे फोन करके माँ को बताया. माँ बोली, दलाल है तो घर में पंखा क्यों नहीं लगवाता?"

मी तरीही छापलं. मथळा काय द्यावा सुचेना, म्हणून नुसतं "चूक" लिहिलं. माझ्या सगळ्या पत्रकांत तेच लोकांनी शेवटपर्यंत वाचलं, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. पाण्याच्या साहेबांनीही नऊ नमुने ठेवून घेतले आणि चहा पाजून वाटेला लावलं, पण ती वेगळी चीड आहे.

नवीन सेट दक्षिणेतून यायला तीन आठवडे गेले. तोच मुलगा बसवायला आला. जुन्या आठ त्याला परत द्यायच्या होत्या. काकांनी प्रत्येकीच्या अंगावरचं खडूचं नाव ओल्या फडक्याने पुसलं, राजापूर सगळ्यात शेवटी. नव्यांना नावं काय देणार म्हणून मी विचारलं. "आधी वागतात कशा बघू," म्हणाले. "नाव घाईने ठेवलं की माणूस चुकीच्या गोष्टी माफ करत बसतो."

पहिल्या दिवशी आम्ही तिघं निघालो. काकांनी बजावलं होतं: नवीन सेट आहे, काटा अर्ध्यावर आला की वळायचं, अर्धं जायचं, अर्धं यायचं. मिठागर मागे पडलं. काकू म्हणाल्या, "पुढे." खाडीकडची वळणं मागे पडली. "पुढे." उत्तन आलं, समुद्र दिसला, सकाळचा, दुधी, कडा नसलेला, बांबूंवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या जाळीतून पलीकडचं पाणी हलत होतं. काटा अर्ध्यावर आला. मी मागून पाहिलं. काकांनीही पाहिलं. काकूंनी काच पूर्ण खाली केली होती आणि त्या पुढे बघत होत्या, आणि काकांनी गाडी वळवली नाही. आम्ही गोराईच्या बाजूला गेलो, त्याच्याही पुढे मनोरीकडे. किती वेळ, मला खरंच सांगता येणार नाही. नारळाच्या सावल्या अंगावरून जात होत्या, येत होत्या. त्या वेळी आम्ही तिघं नुसते वाहत होतो.

परतताना उत्तनच्या चढावर डबी थांबली.

जवळच्या घरातून एक कोळीण बाहेर आली. "काय झाला? गारी बंद परली? पेट्रोल न्हाय का?"

"पेट्रोल लागत नाही हिला," काका ओशाळून म्हणाले. "वीज लागते. तुमच्याकडे जाड पिनेचा प्लग..."

"मासल्यांच्या फ्रीजचा हाय ना! आना इकरं!" तिचा आवाज असा, की होडीतल्या माणसाला किनाऱ्यावरून ऐकू जावा. मी धावत पुढे झाले, तिला हळू बोलायला सांगायला. काकूंनी माझं मनगट धरलं.

"बोलू दे तिला," त्या म्हणाल्या. चेहरा वेदनेने आखडला होता, पण भिंतीला हात लावला नव्हता. त्या हळूहळू ओट्यावर जाऊन बसल्या आणि त्या बाईंना विचारलं, "बोंबील किती दिवस वाळवता हो?" बाईंनी सांगायला सुरुवात केली. वारा कसा हवा, दव कसं वाईट, या वर्षी होड्या कशा रिकाम्या येतात. तासभर पुरेल एवढं. आणि दोन-चार वाक्यांनंतर, काय समजली कोण जाणे, तिने स्वतःच आवाज खाली आणला.

खिडकीतून वायर आली, गाडीला लागली. काका घड्याळ आणि काटा बघत उभे राहिले. मग ओट्याजवळ आले, शाळेतल्या मुलासारखे.

"सात नंबर, पाच तास लागतील. माझंच चुकलं. अर्ध्यावर वळायला हवं होतं."

काकूंनी मानही वळवली नाही.

"मग जेवूनच जाऊ," त्या म्हणाल्या.

कोळीणबाई विचारायलाही थांबल्या नाहीत. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज येत होता, आणि काकू तो ऐकत होत्या.